भागीदारीचा धंदा : किर्लोस्कर बंधूंची वाटचाल

(ग्रामीण युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीला जोडधंदा हवा, हे आता नव्याने सांगायला नको. डाळ मिल, अवजारांची दुरुस्ती, रोपवाटिका असा एखादा धंदा दोघांनी मिळून काढावा, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. पण भागीदारी म्हटली की भांडण, ही धास्तीही असते. म्हणून आज लोखंडी नांगराशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या दोन भावांची हकिकत सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ती पंडित. मुलाने आपलीच वाट धरावी ही त्यांची इच्छा; मुलाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत. वडिलांचा विरोध असताना थोरले बंधू रामुअण्णा यांनी पैशाची मदत केली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. या भागीदारीतले पहिले भांडवल ते हेच.

पुढे लक्षात आले की, त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकाची नोकरी धरली. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामुअण्णांनी त्या विकायच्या, अशी कामाची वाटणी होती. पुढे बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावला आले.

तेथे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर लोखंडी नांगर तयार केले. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती पलटी करतो. हरळी-कुंद्याच्या मुळ्या वर येतात. तरीही पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. शेतकऱ्याला दोष देऊ नका. ज्याचे घर एका हंगामावर चालते, तो नवे अवजार सहज हाती घेत नाही. त्या दोन वर्षांत भाऊ वेगळे झाले नाहीत, हे महत्त्वाचे.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानच्या राजांनी आधार दिला. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी कारखाना पाहिला, रामुअण्णांनी वसाहतीचा कारभार. १९२० साली धंद्याची मर्यादित कंपनी झाली.

यातून आपण काय घ्यावे? दोघांचे गुण वेगळे असावेत आणि कामे आधीच वाटलेली असावीत. सख्ख्या भावांचे तोंडी जमले, म्हणून आपणही तोंडी व्यवहार करू नये. पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

१) करारपत्र लेखी करावे. भांडवल, कामाची वाटणी, दरमहा उचल, नफा-तोट्याचा हिस्सा व भागीदार बाहेर पडल्यास हिशेब कसा करायचा, हे त्यात लिहावे.

२) भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल, तर नफा व तोटा सारखाच वाटला जातो; मग भांडवल कोणाचे कितीही असो.

३) धंद्याच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो. दुसऱ्याने केलेल्या उधारीपायी आपली जमीनही अडचणीत येऊ शकते. म्हणून सही कोणी करायची, ते आधी ठरवावे.

४) फर्मची नोंदणी करावी. नोंदणी नसल्यास करारापोटी येणे असलेल्या बाकीसाठी फर्मला गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही.

५) महिन्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून वही तपासावी.

मित्रांनो, धंदा पहिल्या वर्षी चालेलच असे नाही. न चालण्याचा काळ दोघांनी कसा काढायचा, एवढे आज ठरवा. मगच बँकेकडे कर्जाचा अर्ज करा.