टाकून न दिलेली चूक



९ ऑक्टोबर २००२ रोजी क्योटो येथील शिमाद्झू कंपनीत त्रेचाळीस वर्षांच्या एका अभियंत्यासाठी परदेशातून दूरध्वनी आला. रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले होते. कोईची तानाका यांचा त्यावर विश्वासच बसेना. त्यांच्यापाशी ना डॉक्टरेट होती, ना प्राध्यापकपद. पदवी विद्युत अभियांत्रिकीची, तीही एक वर्ष अधिक घालवून मिळविलेली. संशोधन सुटू नये म्हणून बढतीच्या परीक्षाही त्यांनी टाळल्या होत्या. त्या दिवशी पत्रकारांसमोर ते आले, तेही कामावरच्या गणवेशात.

तानाका यांचा जन्म १९५९ साली तोयामा शहरात झाला. जन्मानंतर महिन्याभरातच मातृछत्र हरपले. काका-काकूंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वाढविले. इतके, की विद्यापीठात जाण्याची वेळ येईपर्यंत हे सत्य त्यांना ठाऊकच नव्हते. घरात आजीचा एक शब्द नित्य कानी पडे : 'मोत्ताईनाई'. कोणतीही वस्तू वाया घालवू नये, असा त्याचा भावार्थ. अन्न हे पूर्णब्रह्म मानणाऱ्या आपल्या घरांना तो परका वाटू नये.

१९८३ मध्ये ते शिमाद्झूत रुजू झाले. पाच जणांच्या गटापुढे प्रश्न मोठा बिकट होता. शरीराची बहुतेक कामे प्रथिने करतात. रोगाचा माग काढायचा, तर कोणते प्रथिन आहे हे ओळखले पाहिजे आणि त्यासाठी त्याचे वजन कळले पाहिजे. मास स्पेक्ट्रोमीटर हा रेणूंचा तराजू. रेणूला विद्युतभार देऊन निर्वात नळीतून धावावयास लावायचे. हलका आधी पोहोचतो, जड मागून. परंतु प्रथिनाचा रेणू अवाढव्य आणि नाजूक. लेसरचा झोत पडताच त्याचे तुकडे होत. तो अखंड उडवायचा कसा?

फेब्रुवारी १९८५ मध्ये कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत ॲसिटोन मिसळताना तानाका यांच्या हातून चुकून ग्लिसरीन पडले. भुकटी महाग होती. टाकून द्यावी, तर आजीचा शब्द आठवला. ग्लिसरीन निर्वातात उडून जाईल, अशा विचाराने त्यांनी तेच मिश्रण यंत्रात ठेवले, ते लवकर वाळावे म्हणून लेसर सुरू ठेवला आणि नोंदीकडे पाहत राहिले. पूर्वी कधी न दिसलेली खूण उमटली! जीवनसत्त्व बी-१२ चा रेणू न तुटता पोहोचला होता. भुकटी लेसरची ऊर्जा शोषून घेत होती आणि ग्लिसरीनमुळे रेणू अलगद सुटत होता. पुढे याच मार्गाने प्रथिनांचे अखंड रेणू मोजले गेले. १९८७ मध्ये हे काम जपानमधील परिषदेत मांडले गेले आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आज जगभर रूढ असलेली पद्धत मुख्यत्वे जर्मनीचे फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास यांनी विकसित केली. नोबेलच्या वेळी त्यांचे नाव नसल्याची खंत अनेकांनी व्यक्त केली. मोठी प्रथिने अखंड उडविता येतात हे प्रथम दाखविल्याचा मान मात्र तानाका यांचा. आणि त्यांनीही श्रेय सदैव आपल्या सहकाऱ्यांसह वाटून घेतले.

सन्मानानंतर ते स्वस्थ बसले नाहीत. २०१८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांच्या गटाचे संशोधन आले. अल्झायमर रोगाशी निगडित अमायलॉइड मेंदूत साचत असल्याचा सुगावा थोड्याशा रक्तावरून लागू शकतो, असे त्यात दाखविले होते. घरातील वृद्धांची स्मृती हळूहळू विझताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

मुलाच्या गुणपत्रिकेवरील एका वर्षाच्या अपयशाने आपण खचून जातो. तानाका यांचे चरित्र अशा वेळी आठवावे. हातून चूक होणे हा योगायोग होता. ती टाकून न देणे हा घरचा संस्कार होता. आणि तिच्यातून काय उमटते ते डोळे उघडे ठेवून पाहणे, हे विज्ञान होते.