जन्मसालाचे असत्य



बीड जिल्ह्यात कडा येथे अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ उभे करणाऱ्या पिढीने मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहिली. आजच्या पालकांपुढे मोबाईलने नवी चिंता उभी केली आहे.

फेसबुक व इन्स्टाग्रामवर खाते उघडण्यास किमान 13 वर्षे वयाची अट आहे. परंतु जन्मसाल खोटे लिहिले की दार उघडते. कित्येकदा ते पालकच लिहून देतात. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ऑस्ट्रेलियाने तर 10 डिसेंबर 2025 पासून प्रमुख समाजमाध्यमांना 16 वर्षांखालील मुलांची खाती ठेवण्यास मनाई केली. तथापि, पालकच असत्याला साथ देत असतील तर कायदा दुबळा ठरतो.

जैन दर्शनात दोष तीन प्रकारे लागतो. मुलाने खोटे साल लिहिले, ते कृत. पालकांनी लिहविले, ते कारित. कळूनही मौन धरले, ते अनुमोदित. सत्य अणुव्रत पाठशाळेत शिकवायचे आणि घरी मोडायचे, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

म्हणून पालकांनी मुलाशेजारी बसून, न रागावता, ते साल दुरुस्त करावे व आपली चूकही कबूल करावी. खाते बंद झाले तरी हानी नाही. मुलाचा विश्वास टिकेल. घरातली खरी आलोचना तीच होय.

जय जिनेंद्र!