पडीक म्हणजे रिकामी नव्हे
(मानखुर्द येथे महासंघाच्या मासिक बैठकीत मांडलेले मनोगत)



आपल्यापैकी कितीतरी जणी राहतात मानखुर्दला, पण एकर-दीड एकर वावर आहे गावाकडे. गावच्या गटांतल्या मैत्रिणीही हा अंक वाचतात. म्हणून आज गाडीच्या टाकीत जाणाऱ्या पिकांबद्दल बोलते. हो, टाकीतच! पंपावर 'ई २०' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते ऊस, मका, तांदूळ यांपासून बनतं. हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, सरकारने ते २०२५ वर आणलं.

एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. मक्याला गिऱ्हाईक वाढलं, चांगलंच झालं. पण तोच मका कोंबड्यांचं खाद्य आहे. कुक्कुटपालन करणाऱ्या गटांना हे वेगळं सांगायला नको. मका बाहेर विकणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये तो बाहेरून आणावा लागला. उसाचंही तसंच. साखर कमी पडेल या भीतीने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं. एकाच वावराकडे माणूस, जनावर आणि इंजिन तिघंही आशेने बघतात. वावर काही वाढत नाही.

मग म्हणतात, पडीक जमिनीवर लावा. हेही नवीन नाही. २००३ नंतर मोगली एरंडाचा, म्हणजे रतनजोतचा, असाच गाजावाजा झाला होता. बियांपासून डिझेल, पाणी नको, माळरान चालेल! झाडं जगली, पण पाण्याविना बिया पुरेशा धरल्या नाहीत. आणि त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

कागदावरची पडीक जमीन खरंच रिकामी असते का हो? शेळ्या तिथेच चरतात, सरपण तिथूनच येतं, पावसाळ्यात तरोट्याची भाजीही. हा हिशोब बाईच्याच डोक्यात असतो, म्हणून तो कुठे लिहिला जात नाही.

आता गॅससाठी नेपिअर गवत लावा म्हणतात. गवत चांगलं आहे, जनावरंही खातात. पण भरपूर कापणी हवी तर पाणी लागतं, म्हणजे ते माळावर नाही, विहिरीजवळच्या तुकड्यावर येणार. करार किती वर्षांचा, भाव कागदावर आहे का, कंपनी बंद पडली तर गवताची ठोंबं कोण उपटणार, हे सहीआधी विचारा. गॅस ओल्या कचऱ्यापासूनही होतो. आपल्या शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी 'निसर्गऋण' संयंत्र तयार केलं. त्याला एक गुंठाही लागवड लागत नाही.

पण सातबाऱ्यावर नावच नसेल तर तुमची सही मागणार कोण? लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. घरात हा विषय काढणं सोपं नाही, मला माहीत आहे.

पुढच्या बैठकीला सातबाऱ्याची प्रत घेऊन या. मोबाईलवर निघते. ज्यांना जमत नाही त्यांनी गट नंबर आणा, आपण इथेच बसून काढू.