अर्धा कोण?

मिश्र वंशाच्या माणसाला इंग्रजीत ‘हाफ-कास्ट’ म्हणत. यातला ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीजांचा; आपल्याकडच्या जातींना त्यांनीच तो लावला. पुढे ‘हाफ’ जोडले, की माणूस अर्धाच ठरला!

कवी जॉन एगार्ड १९४९ साली तेव्हाच्या ब्रिटिश गियानात जन्मला आणि १९७७ साली इंग्लंडात आला. स्वतः मिश्र वंशाचा. ‘हाफ-कास्ट’ याच नावाच्या कवितेत तो एका पायावर उभा राहून आधी माफी मागतो. अर्थात सोंगच ते! मग विचारतो, बाबा रे, तुझ्या म्हणण्याचा अर्थ जरा सांग पाहू. पिकासोने लाल-हिरवा रंग एकत्र केला, ते चित्र अर्धे का? चायकोव्हस्कीने पियानोच्या काळ्या पट्टीला पांढरी जोडली, ते संगीत अर्धे? (पेटी वाजवणाऱ्याला हे उत्तर सांगायला नको.) आणि इंग्लंडच्या आभाळात तर ऊन-सावली नेहमीचीच.

आता खरी गंमत. हे सारे तो शुद्ध इंग्रजीत विचारत नाही. कॅरिबियन बोलीत विचारतो. ही बोलीही मिसळीतूनच घडली: शब्द बहुतेक इंग्रजी, वळण पुष्कळसे आफ्रिकी. शहाण्यांनी तिला ‘मोडके इंग्रजी’ ठरवले होते. त्याच बोलीत नेमका, हसवणारा युक्तिवाद ऐकला, की अर्धेपणाचा आरोप टिकतो कुठे? प्रमाण इंग्रजीत हीच कविता नुसती तक्रार वाटली असती.

पुढे इंग्लंडच्या शालान्त परीक्षेला हीच कविता नेमली गेली. गुरुजी, तिथल्या शिक्षकांनी त्या ‘अशुद्ध’ ओळींवर लाल शाई कुठे चालवायची?