बहात्तर गावांचं खरेदीखत

नव्यानं स्वतंत्र झालेल्या अमेरिकेनं १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियाना हा अफाट मुलूख दीड कोटी डॉलर मोजून घेतला, हे आपण ऐकून असतो. पण असा व्यवहार आपल्या आटपाडीचाही झाला आहे. घेणारं राष्ट्र होतं भारत, वय वर्ष पुरतं नाही, आणि तारीख होती ८ मार्च १९४८. त्या दिवशी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

औंध म्हणजे एकसलग मुलूख नव्हेच. बहात्तर गावं, तीही विखुरलेली. औंध एकीकडे, कुंडल कृष्णेकाठच्या बाजूला, गुणदाळ पार विजापूरकडे आणि आटपाडी महाल माणदेशात. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं, तर मध्ये ब्रिटिश हद्द लागे.

देशात अशी साडेपाचशेहून अधिक संस्थानं होती. सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी ती कशी मिळवली? समजावणी होती, थोडा धाक होता आणि रोकडाही होता. विलीनीकरणाच्या करारात राजानं कारभाराचे सर्व अधिकार भारत सरकारला द्यायचे. बदल्यात खासगी मालमत्ता, मानमरातब आणि दरसाल करमुक्त तनखा त्याच्याकडे राहायचा. ओरिसा-छत्तीसगडच्या संस्थानांसाठी ठरलेला हिशेब असा : उत्पन्नाच्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १० टक्के, त्यावर साडेसात टक्के आणि कमाल मर्यादा दहा लाख. म्हणजे पाच लाख उत्पन्नाच्या राजाला वर्षाला ५५ हजार. राज्याच्या मानानं स्वस्तच म्हणायचं! राज्यघटनेच्या २९१व्या कलमानं या तनख्याची हमी दिली. ती १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीनं काढून घेतली. तनखा संपायला हवा होता, हे मला पटतं. पण सहीनं मिळालेला मुलूख ठेवून सहीनं दिलेला शब्द मागं घेतला गेला, हेही विसरू नये.

औंधची गोष्ट मात्र याहून वेगळी आहे. इथल्या राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी (सूर्यनमस्कारवाले म्हणून घराघरात ठाऊक असलेले तेच) जानेवारी १९३९ मध्येच सत्ता प्रजेच्या हाती दिली होती. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना तयार झाली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंता तिच्यासाठी झटले. गावोगावी निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुका पंचायत आणि वर विधिमंडळ. गावातले तंटे गावातच मिटू लागले. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांताराम यांचा १९५७चा चित्रपट तिच्यावरूनच सुचला.

मग माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो : राजानं जे आधीच रयतेला देऊन टाकलं होतं, ते १९४८ मध्ये दिलं कुणी? करारावर सही राजाची, तनखा राजाला. नऊ वर्षं कारभार शिकलेल्या पंचायतींचा त्या कागदात पक्ष म्हणून उल्लेख नाही, मोबदला तर दूरच. विलीन व्हायला आटपाडीकरांची हरकत होती असं नव्हे. एवढीशी विखुरलेली गावं स्वतंत्र भारतात वेगळी राहणं शक्यही नव्हतं. पण गाव चालवण्याची जी रीत इथं मुरू लागली होती, तिची किंमत लावायला त्या हिशेबात रकानाच नव्हता.

अप्पासाहेबांना नेहरूंनी १९४८ मध्येच भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला पाठवलं. आटपाडी १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. पुढं १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. राज्यभर तो नवा प्रयोग म्हणून गाजला. आटपाडीत तालुक्याची पंचायत पाहिलेली माणसं तेव्हा जेमतेम चाळिशी-पन्नाशीची होती.