आमच्या घरचे पिस्तूल : एक दुरुस्ती
(गोडदेव येथील ज्ञातिसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म प्राथमिक शाळेतील मुलांना शिकवण्यात गेलेला. मुलांना आम्ही नेहमी सांगत असू की, उत्तर चुकले तर ते गुपचूप पुसून टाकू नये. त्यावर रेघ मारून शेजारी बरोबर उत्तर लिहावे. आज तोच धडा आमचा आम्हांस गिरवावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत आम्ही एक लेख लिहिला होता. आमच्या देवघराच्या माळ्यावर एक जुने लष्करी पिस्तूल आहे. ते आमच्या पूर्वजांनी चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत फिरंग्यांकडून हिसकावून घेतले, असे त्यात म्हटले होते. ही कथा आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकली होती, आणि ती खरी वाटण्यास जागाही होती. आपल्या गावापासून थोड्याच अंतरावर चौकचा धारावी किल्ला आहे, खाडीपलीकडे वसईचा कोट आहे. १७३९ साली धारावी पडली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आली. त्या रणात आपलेही कोणी होते, या कल्पनेने कोणाची छाती फुगणार नाही? लेख आपणां सर्वांस आवडला. परंतु तो चुकीचा होता.

आमची नात इतिहासाच्या अभ्यासासाठी त्या पिस्तुलाचे चित्र काढू लागली आणि तिने विचारले, "आजोबा, यावर सिंह का आहे?" इतकी वर्षे दसऱ्याला आम्ही त्या पिस्तुलास गंध-फूल वाहिले, परंतु त्याच्याकडे निरखून कधी पाहिले नव्हते. तेल लावून मऊ फडक्याने हळूच पुसले, तेव्हा चापाच्या वरच्या पोलादी पट्टीवर पुढच्या पायांत मुकुट धरून उभा राहिलेला सिंह दिसला आणि जवळच १८५२ हा आकडा उमटला.

तो सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. १८०८ पूर्वी कंपनीच्या शस्त्रांवर हृदयाच्या आकृतीचा शिक्का असे. त्या सालापासून सिंह आला. दुसरी साक्ष पिस्तुलाच्या रचनेची. वसईच्या मोहिमेच्या काळात बंदुकीचा बार तोड्याने अथवा चकमकीच्या ठिणगीने उडत असे. आमच्या पिस्तुलास चकमक नाही, काना नाही. घोडा पडावयाच्या जागी तांब्याची टोपी बसवण्याची लहानशी बोंडी आहे. ठोक्याने पेटणाऱ्या दारूची युक्ती स्कॉटलंडमधील फॉर्सिथ नावाच्या एका पाद्र्याने शोधली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. टोपी त्यानंतरची, आणि सैन्यांत तिचा प्रसार झाला तो १८४० च्या सुमारास. तिसरी साक्ष गजाची. दारू ठासण्याचा गज नळीखाली बिजागरीने जखडलेला आहे, म्हणजे घोड्यावर बसून पिस्तूल भरताना तो हातातून निसटू नये. तात्पर्य, हे घोडेस्वाराचे शस्त्र आहे आणि ते वसईच्या विजयानंतर ११३ वर्षांनी घडवले गेले. चिमाजी आप्पांच्या एकाही शिलेदाराने ते पाहिलेले असणे शक्य नाही.

शस्त्र आपली ओळख स्वतःच सांगते, याचे एक थोर उदाहरण आपल्या देशात आहे. लाहोरला १९२८ साली साँडर्सवर पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूंनी झाडली आणि पाठोपाठ भगतसिंगांनी. भगतसिंगांचे ते कोल्ट पिस्तूल इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात रंगाच्या थराखाली अनोळखी होऊन पडले होते. २०१६ साली रंग खरवडला, क्रमांक उघडा पडला, तो जुन्या कागदपत्रांशी जुळला आणि पिस्तुलाची ओळख पटली. तेथे रंगाने सत्य झाकले होते. आमच्या घरी अभिमानाने.

मग हे पिस्तूल आमच्या घरी आले कसे? याचे उत्तर जुन्या पेटीतील मोडी कागदांत सापडले. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी ते वाचून दिले. आमचे खापरपणजोबा मिठागराच्या नाक्यावर सरकारी शिपाई होते. त्यांच्या ताब्यात दिलेल्या वस्तूंच्या यादीत 'पट्टा एक, कंदील एक, पिस्तूल टोपीचे एक' असे लिहिले आहे. लष्करातून बाद झालेले शस्त्र नाक्यावर आले असणार. ते परत केल्याची पावती मात्र पेटीत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे!

बंधुभगिनींनो, येथवर हसून सांगता येते. परंतु आणखी एक कागद आहे. रात्री डोक्यावरून मीठ नेणाऱ्या दोघांस पकडल्याबद्दल खापरपणजोबांना दोन रुपये बक्षीस मिळाल्याची ती नोंद आहे. त्या काळी मीठ म्हणजे काय होते? १८३७ साली मुंबई इलाख्यात मणाला आठ आणे कर बसला, तो वाढत वाढत १८७८ साली अडीच रुपयांवर गेला. ज्यांनी उन्हात मीठ पिकवले, त्यांनाच ते घरी नेणे गुन्हा ठरे. कागदावर त्या दोघांची नावे आहेत, ती आपल्याच गावची आहेत. त्यांचे वंशज या मंडपात बसलेले असतील, म्हणून ती नावे आम्ही वाचत नाही.

आमचे थोरले बंधू म्हणाले, "मास्तर, हे छापू नका. घराण्याची शोभा जाईल." आम्ही कित्येक रात्री विचार केला. खापरपणजोबांची बाजूही आम्हांस दिसते. खाणारी तोंडे पुष्कळ आणि पगार बेताचा. तथापि ज्या मिठासाठी १९३० साली देश उठला आणि ज्यावरील कर १९४७ साली गेला, त्या मिठाच्या जुलमात आमच्या घराचा हात होता, ही गोष्ट लपवून वसईचा खोटा मान मिरवणे आम्हांस साधेना. ज्या दोन घरांचे मीठ त्या रात्री हिरावले गेले, त्यांची आम्ही हात जोडून क्षमा मागतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. कोणाच्या घरी असे शस्त्र असल्यास त्याचा घोडा ओढून पाहू नये, त्याने बार काढण्याचा मोह तर मुळीच धरू नये. ठासणीच्या नळीत शंभर वर्षांपूर्वीचा बारही राहिलेला असू शकतो. घासूनपुसून त्यास चकाकी आणू नये. गंजाबरोबर शिक्केही जातात. पोलिस ठाण्यास लेखी कळवावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात जुन्या वा निकामी शस्त्रांस सूट आहे. परंतु ते दुरुस्त करूनही चालणार नाही, अशा स्थितीत असेल तरच. आमच्या पिस्तुलाची बोंडी व नळी गंजून गेली आहेत. जाणकाराचा तसा निर्वाळा आम्ही ठाण्यात देऊन ठेवला आहे. शिवाय १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यान्वये शंभर वर्षांवरील वस्तू परवानगीशिवाय परदेशी धाडता येत नाही. आणि मोडी कागद वाळवीच्या हवाली करू नका. शस्त्र केव्हा घडले हे शस्त्र सांगते. ते घरी का आले हे कागद सांगतो.

येत्या दसऱ्यालाही पिस्तूल पाटावर मांडले जाईल. मात्र या वर्षी त्याच्याशेजारी एका वाटीत खडेमीठ ठेवावयाचे, असे नातीने ठरवले आहे. आमची त्यास संमती आहे.

मागील लेखाबद्दल आपण आम्हांस क्षमा करावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.