अफवेच्या कारखान्यात पंधरा मिनिटं

अफवा कशी पसरवायची हे शिकवणारा एक व्हिडिओ गेम आहे आणि तो मुलांनी खेळावा, असं मी म्हटलं तर तुमच्या कपाळाला आठ्या पडतील. पण आज मी तेच म्हणणार आहे. गेमचं नाव ‘बॅड न्यूज’. नेदरलँड्समधला ड्रॉग नावाचा गट आणि केंब्रिज विद्यापीठातले संशोधक सँडर व्हॅन डर लिंडन आणि यॉन रोझेनबीक यांनी मिळून तो तयार केला. त्याची इंग्रजी आवृत्ती २०१८ साली आली. साध्या ब्राउझरवर फुकट खेळता येतो आणि पंधरा-वीस मिनिटांत संपतो.

यात तुम्ही असता खोट्या बातम्यांचे कारखानदार. पडद्यावर दोन आकडे सतत दिसतात : तुमचे अनुयायी किती आणि तुमची विश्वासार्हता किती. पुढे जायचं तर सहा बिल्ले मिळवायचे. दुसऱ्याचं सोंग घेणं, भावना भडकवणं, लोकांत फूट पाडणं, कटाची कहाणी रचणं, टीका करणाऱ्यालाच बदनाम करणं आणि मुद्दाम डिवचत राहणं, अशी ही सहा हत्यारं. प्रत्येक वळणावर पर्याय समोर येतात. प्रामाणिकपणा दाखवलात की अनुयायी गळतात.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कटाच्या कहाणीची पायरी. तिथे फारच अचाट काहीतरी फेकलंत, तर लोक विश्वास ठेवत नाहीत आणि विश्वासार्हतेचा आकडा घसरतो. मग खेळणाऱ्याच्या लक्षात येतं की धादांत खोटं बोलून भागत नाही. लोकांच्या मनात आधीपासून असलेली एखादी शंका, सरकारवरचा एखादा राग शोधायचा, त्याला खऱ्या घटनेचा एक तुकडा जोडायचा आणि ‘हे तुमच्यापासून का लपवलं जातंय?’ एवढाच प्रश्न टाकून द्यायचा. उरलेली कहाणी ऐकणारा स्वतःच रचतो. शेवटच्या पायरीवर एक विमान अपघात होतो. माणसं गेलेली असतात, आणि तुम्ही मात्र त्या अपघाताच्या तपासाबद्दलच संशय पेरत बसता. आपण हे काय करतोय, हा विचार खेळणाऱ्याच्या मनात इथे यायला हवा.

यामागचा विचार जुना आहे. विल्यम मॅकग्वायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलं होतं की लस जशी शरीराला रोगाची सौम्य ओळख करून देते, तशी मनालाही फसव्या युक्तिवादाची ओळख आधीच करून देता येते. ‘बॅड न्यूज’ खेळलेल्या सुमारे पंधरा हजार लोकांची माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. खेळल्यानंतर त्यांना फसव्या मजकुरावर कमी विश्वास वाटू लागला होता. पण पुढे दोन गोष्टी दिसल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. अधूनमधून उजळणी झाली नाही, तर हा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो. आणि काही संशोधकांनी अशा अभ्यासांची आकडेवारी नव्याने तपासली, तेव्हा लोक खऱ्या बातमीकडेही जास्त संशयाने पाहू लागल्याचं त्यांना आढळलं. ही मला खरी काळजीची गोष्ट वाटते. ज्याचा कशावरच विश्वास उरला नाही, तोही अफवेचाच बळी असतो.

आपल्याकडे काय? व्हॉट्सॲपच्या धर्तीवरचा असाच एक खेळ उत्तर भारतात लोकांना देऊन पाहिला गेला. खेळलेले आणि न खेळलेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझ्या मते कारण साधं आहे. आपल्याकडे अफवा कुण्या अनोळखी संकेतस्थळावरून येत नाही. ती मामाकडून येते, भिशीच्या ग्रुपवर येते, गावच्या माणसाच्या आवाजात येते. पाठवणाऱ्यावर आपला जीव असतो, त्याला ‘हे खोटं आहे’ कसं म्हणायचं?

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे जमावाला सापडले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारलं गेलं. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणांना आपण कुणाचं तरी मूल वाचवतोय, असंच वाटत असणार.

‘बॅड न्यूज’मध्ये ही बाजू नाही. तिथे अनुयायी वाढतात, बिल्ले मिळतात, पण भीती ज्यांच्यावर कोसळते ती माणसं पडद्यावर दिसत नाहीत. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे : आठवी-नववीच्या मुलांना हा खेळ जरूर दाखवा, पण घंटा होण्याआधी निम्मा तास बोलण्यासाठी राखून ठेवा. तू निवडलेल्या त्या ओळीमुळे कुणाच्या दारात जमाव गेला असता, हे प्रत्येकाला विचारा. आणि कुणी मराठीत असा खेळ करायला घेतलाच, तर त्याची पहिली पायरी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या ऑडिओ क्लिपची असू द्या. खेळणाऱ्याला ती मावशीकडून येऊ द्या. आणि ‘मावशी, हे तुला कुणी पाठवलं?’ असं तिला परत विचारण्याचा पर्यायही त्यात असू द्या.